चाळीस भोकं आणि आईची बोटं

२०१६ साली सरावलीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपात मी कामाला लागले. शेठनी ड्रॉइंग काढायला नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता, पण त्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. खिळ्यावरच्या जुन्या कापडाकडे बोट करून ते म्हणाले, "एक महिना बघतो. नाही जमलं तर ते कापड याच्यावर, आणि तू परत उधव्याला, घरी." मला परत जायचं नव्हतं. आयटीआय काही मी गंमत म्हणून केलं नव्हतं.

पहिलंच काम चिकूचं निघालं. एका वाडीवाल्याला चिकू निवडायला उतरती चौकट हवी होती. तिच्यात भोकांचे दोन पत्रे: पहिल्यातून बारीक चिकू खाली पडणार, दुसऱ्यातून मधले, आणि मोठे घरंगळत शेवटच्या क्रेटमध्ये. प्रत्येक पत्र्याला चाळीस भोकं. मापासाठी मला लांब जायला नको होतं. माझी आई अशाच एका वाडीत चिकू निवडायची. अंगठा आणि मधलं बोट जुळवून ती कडं करायची. त्यातून गेला तो बारीक. बोटं जरा सैल केली की मधल्याचं माप. मी तिला घरी दोन्ही कडी करायला लावली आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजली. चव्वेचाळीस मिलिमीटर आणि पंचावन्न.

"माझी बोटं काय मोजतेस, चिकू मोज," ती म्हणाली. मी कशाला ऐकते.

पहिला पत्रा झकास बसला. दुसऱ्याला मी शहाणपणा केला. पंचावन्न म्हणजे चव्वेचाळीसच्या सव्वापट, मग कॉम्प्युटरवर पहिल्या पत्र्याचं अख्खं स्केच निवडलं आणि आकार वाढवायच्या स्केलमध्ये सव्वा टाकलं. पडद्यावर काहीच खटकलं नाही, कारण सगळंच सारखं वाढलं होतं. वापीहून लेझरवर कापून आला तेव्हा पत्रा चौकटीबाहेर वीतभर आला, आणि बोल्टची भोकंसुद्धा फुगलेली. शेठनी तो पत्रा माझ्या टेबलासमोर भिंतीला उभा करून ठेवला, रोज दिसावा असा. महिन्याचे आठ दिवस उरले होते.

त्या पत्र्याकडे बघता बघताच डोक्यात उजेड पडला. आई बोटं सैल करते तेव्हा तिचा हात मोठा होत नाही, नुसतं कडं मोठं होतं. मी पत्र्याची लांबी-रुंदी, बोल्टची भोकं, गोलांमधली अंतरं, सगळं आकडे देऊन बांधून टाकलं. चाळीस गोल एकमेकांसारखे ठेवले आणि आकडा एकालाच दिला. चव्वेचाळीस खोडून पंचावन्न लिहिलं, एंटर दाबलं. चाळीसच्या चाळीस गोल एकदम फुलले आणि पत्रा जागचा हलला नाही. मी खुर्चीतून उठलेच. पुन्हा चव्वेचाळीस केलं, पुन्हा पंचावन्न. एवढा आनंद मला आयटीआयच्या निकालालाही झाला नव्हता.

पण दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायला हवं होतं. चार भोकं कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवली, कापली आणि वाडीचं काम सुटल्यावर आईला वर्कशॉपात बोलावलं. ती पदरात मधले चिकू घेऊन आली. शेठ हाताची घडी घालून उभे.

पहिला चिकू गेला. दुसरा गेला, पण घासून. आईने सालीवरचा चट्टा शेठना दाखवला. "हा दोन दिवसांत काळा पडेल. बारक्याचं चालतं, पण मधल्याला मी बोटं टेकवत नाही, जरा सोडून धरते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" मी चिडले.

"तू बोटं मोजलीस. चिकू होता का त्यात?"

शेठनी भिंतीकडच्या पत्र्याकडे पाहिलं. "म्हणजे परत चाळीस गोल काढा. किती दिवस आता?"

मी आईलाच खुर्चीत बसवलं. पंचावन्नच्या जागी सत्तावन्न लिहिलं आणि म्हटलं, "हे बटण दाब." तिने मधल्या बोटाने दाबलं. चाळीस गोल एकदम मोठे झाले. ती पुढे सरकली, पडद्यावरच्या एका गोलाला अंगठा आणि मधलं बोट लावून बघितलं.

"परत कर," ती म्हणाली.

मी लहान केले, तिने मोठे केले. पाच वेळा. आम्ही दोघी हसत होतो. शेवटी शेठ म्हणाले, "मावशी, आता पोरीला फाइल पाठवू द्या." मग खिळ्यावरचं कापड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "पडदा पुसून घे. चिकूचा चीक लागलाय."

कापड मी घेतलं. डाग मात्र नवा पत्रा येऊन चौकटीत बसेपर्यंत पुसला नाही.