फ्रॉकशेजारचा सत्तेचाळीस नंबर

डोणगावच्या बसस्टँडसमोर मंजुश्रीचं शिलाईचं दुकान आहे. एक मशीन, एक पंखा आणि अख्ख्या गावाच्या कमरांची मापं. कोणाचं ब्लाउज दर दिवाळीला अर्ध्या इंचानं वाढतं, ते तिला ठाऊक, पण सांगत नाही. मी किती खोदून पाहिलं! इतकी घट्ट तोंडाची बाई गावात दुसरी नाही, म्हणून तिच्याबद्दल मलाच बोलावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं कापूस वेचायची ओटी शिवली. वेचणीला बाया कमरेला जुनं लुगडं बांधतात, त्यात कापूस भरतात आणि त्या भारानं कंबर धरते. मंजुश्रीच्या ओटीचा भार दोन्ही खांद्यांवर येतो. खालची नाडी ओढली की सगळा कापूस खाली पडतो, वाकायचं काम नाही. तिची आई जन्मभर वेचणीला गेली आणि शेवटी तिला ताठ उभं राहता येत नव्हतं. ओटी सुचली ती तिथून.

पण ओटी गावातल्या पाच-सात बायांपलीकडे गेली नाही. नवरा प्रसेनजित जीप चालवतो, भला माणूस. तो एक दिवस हळूच म्हणाला, "एवढं वरीस पाह्य. नाही चालली त मंग आपलं फॉल-बिडिंगच बरं." तिनंही मान हलवली. म्हणजे आता सगळी मदार मेहकरच्या कृषी प्रदर्शनावर.

प्रदर्शनातल्या जागा म्हणजे आजवर नारायणरावांची जहागीर. तोंडात सुपारी, काखेत वही. ते "पाहू" म्हणाले की समजायचं, जनरेटरच्या मागे. दोन वर्षं मंजुश्री तिथंच बसली. धूर यायचा, गिऱ्हाईक यायचं नाही. यंदा मात्र समितीनं मैदानाचा नकाशाच मोबाइलवर टाकला. हिरवा चौकोन मोकळा, लाल झाला की गेला. बोट ठेवलं की नंबर अन लांबी-रुंदी दिसते, शेजारी काय आहे ते नुसत्या चित्रानं. सोमवारी सकाळी दहाला उघडणार आणि आधी दाबेल त्याची जागा. तेव्हापासून नारायणराव कोणाचा नमस्कार घेईनात. नमस्कारच कमी झाले होते म्हणा.

सोमवारी पावणेदहाला मी तिच्या दुकानात हजर. बायकोनं बटण आणायला पाठवलं होतं, एवढं कारण मला पुरतं.

दहा वाजले आणि नकाशावर गोवर उठावा तसे लाल ठिपके उठू लागले.

"दाब न वं!" मी ओरडलो.

"आबा, थांबा न जरा. पाहू त द्या." ती दोन बोटांनी नकाशा मोठा करत होती. एकदम थबकली. "हे पाहा, इथं फ्रॉकचं चित्र हाय. कपड्याची लाइन दिसते."

फ्रॉकला लागून सत्तेचाळीस नंबर हिरवा होता. तिनं दाबला, नाव टाकलं, चौकोन लाल झाला. मीही चष्मा चढवून पाहिलं. फ्रॉकच होता, घेरदार, बिनबाह्यांचा. मी पेढे मागून मोकळा झालो.

संध्याकाळी हॉटेलात नारायणराव मोबाइल नाचवत आले. "मंजुश्रीनं लई भारी जागा धरली! अबे, फ्रॉक नव्हे तो, बाई हाय बाई! बायकांचं संडास हाय तिथं!"

हॉटेल हसलं. मीही हसलो, खोटं काऊन सांगू? मग मात्र उठून तिच्या दुकानाकडे गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती आणि या खेपेला ती मी नेली नव्हती.

"जल्मभर फ्रॉक कापले आबा," ती म्हणाली, "म्हणून मले बाईचाबी फ्रॉकच दिसला." जागा बदलायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुभा होती. हिरवा एकच उरला होता, तोही मळणीयंत्रांच्या रांगेत. तिचं बोट 'रद्द करा' वर टेकणारच होतं.

इतक्यात आमची पुष्पाबाई, म्हणजे माझी बायको, ब्लाउज न्यायला आली. "यायले काय इचारतं? मले इचार. मागच्या साली आम्ही टेम्पोनं गेलो. उतरल्याबरोबर पयले काय शोधलं, टॅक्टर? त्याच रांगेत पाऊण घंटा उभी होती मी. ना बसाले जागा, ना पाहाले काही. कोणी दगड जरी दाखवला असता त पाह्यला असता!"

मंजुश्रीनं मोबाइल पालथा ठेवला. "राहू द्या सत्तेचाळीस."

प्रदर्शनाच्या दिवशी रांग होतीच, हातभर लांब नव्हे, टेम्पोभर. पण बाया येत आणि म्हणत, "वं ताई, एवढी पिशवी पाह्यजो." बारापर्यंत टेबलावर अकरा पिशव्या, दोन डबे आणि एक रडतं लेकरू. शिवून आणलेल्या साठ ओट्या तशाच घडीवर. प्रसेनजित शेजारी उभा. मी चिडवायला म्हणून गेलो होतो, पण पिशव्याच सरळ लावत बसलो.

तेव्हा मंजुश्री उठली. लेकरू नवऱ्याच्या हाती दिलं, ओटी बांधली आणि सरळ रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढं धाड गावची झुंबरबाई होती. धिप्पाड बाई, आवाज त्याहून मोठा. "हे काय बांधलं वं पोटाले?"

"कापूस वेचाची ओटी, मावशी. बांधून पाहा."

झुंबरबाईनं बांधली. कापूस नव्हता, म्हणून रांगेतल्या बायांनी हसत हसत आपापल्या पिशव्या तिच्या ओटीत कोंबल्या. पार गळ्यापर्यंत. मंजुश्रीनं नाडी ओढायला सांगितलं. धाडकन् सगळ्या पिशव्या खाली! रांग खो खो हसली. झुंबरबाई मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून हळूच म्हणाली, "माही कंबर ओढलीच नाही वं."

हसणं थांबलं. त्या रांगेत कंबर न दुखणारी बाई कोण होती? मग एका रांगेच्या दोन झाल्या. एक फ्रॉकाकडे, एक सत्तेचाळीसकडे. नारायणराव धावत आले, "रांग मोडू नका!" एका बाईनं विचारलं, "तुम्ही कोण जी?"

तीनपर्यंत साठही ओट्या संपल्या. मंजुश्रीनं गळ्यातली टेप काढली आणि मापं घेऊ लागली. ती बोलायची, प्रसेनजित कडेवरचं लेकरू सांभाळत लिहायचा. पान भरलं तसा म्हणाला, "कापड लागन वं लई. उद्या जीप जालन्याले नेतो."

"उद्या काऊन?" ती टेप ओढत म्हणाली. "आजच निघू. अन हे लेकरू कोणाचं हाय, ते इचारा पयले!"