पार्बताबाईची पारख

पार्बताबाई कापूस डोळ्यांनी पाहतच नसे. मूठभर रुई उचलायची, गालाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. मग म्हणायची, "चालते," नाहीतर, "वली हाये," म्हणजे ओली. बस्स, निकाल लागला! अकोल्याच्या वखारीत पहिल्या दिवशी हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. मी पुण्याहून आलेला, इंग्रजी लिहिता-वाचता येणारा कारकून. मला ते अडाण्याचं सोंग वाटलं. आता म्हातारपणी अमरावतीत बसून लिहितो आहे, तेव्हा कबूल करायला लाज कसली? सोंग माझंच होतं.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, म्हणून विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. अकोट, बाळापूर, दर्यापूरकडून रुईच्या गाड्या यायच्या. आमच्या वखारीत वीसेक बाया त्यातला पाला-काडी वेचत, मग गठाणी बांधून मुंबईला आणि तिथून जहाजाने विलायतेला. पार्बताबाई या बायांची मुकादम. माहेर चांदूर बाजारचं, नवरा कधीच वारलेला, आवाज असा की गाडीचे बैल थबकावेत.

वेचणीत कुणी अंगचोरपणा केला की ती म्हणायची, "तिकडे बी कोनी बाईच सूत काढत असन ना? तिच्या हातात कचरा कायले द्याचा?" मी एकदा हसून सांगितलं, "अहो बाई, तिकडे सूत मशीन काढतं." ती म्हणाली, "असन. पन मशीनपाशी कोन उभं राह्यते?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

माझं काम प्रत्येक खेपेबरोबर इंग्रजी कागद लिहायचं: माल कोरडा, स्वच्छ, नमुन्याबरहुकूम. खाली माझी सही. वखारीच्या मालकांनी, शेठजींनी, बजावलं होतं, "एक गठाण जरी खराब निघाली तर पुण्याची वाट धरा." दिवाळीत मी बायकोला अकोल्याला आणलं होतं, तिला दिवस गेले होते. ती नोकरी गेली असती तर आमचं काही खरं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच मला अक्कल सुचली! कुणीतरी सांगितलं की काही गाडीवान दुपारी गावाबाहेरच्या नाल्यावर थांबून वजनासाठी रुईवर पाणी मारतात. मी लगेच हुकूम काढला: सूर्योदयाआधी पोहोचलेल्या गाड्याच घेऊ, आणि आल्या आल्या गठाणी बांधू. पार्बताबाई आली. म्हणाली, "भाऊ, पुसाच्या महिन्यात लय दव पडते इकडे. गाडी रातभर उघडी चालते, रुई वली होऊन येते. दोन घटका उनात राहू द्या तिले."

"कापसाचं मला शिकवू नका, बाई."

"नाही शिकवत. कापूसच शिकवन तुमाले."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. रचलेल्या गठाणींपैकी एकीत तिचा हात कोपरापर्यंत गेला होता. "घाला हात," ती म्हणाली. मी घातला. आत चक्क ऊब होती, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखी. "तापून राहिली. जहाजात काळी होईन." चाळीस गठाणी, सगळ्या माझ्या हुकुमाच्या, आणि कागदावर माझी सही होऊन बसलेली. "गेली नोकरी!" म्हणत मी कपाळावर हात मारून घेतला.

"रडता काहून? उद्या ऊन हाये ना?"

"उद्या संक्रांत आहे हो!"

"मंग? संक्रांतीले सूर्य सुट्टी घेते का?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया आल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, घरून चादरी, गोधड्या घेऊन. गठाणी सोडून त्यांनी सगळी रुई उन्हात पसरली आणि त्या रुईतच एकमेकींना हळदीकुंकू लावलं. सणाचा दिवस त्यांनी माझ्या मूर्खपणापायी वखारीत काढला. एकीनेही मला टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.

दुपारी शेठजी आले. "गठाणी कोणी सोडल्या?" मला वाटलं, पार्बताबाई सांभाळून घेईल. छे! ती नुसती माझ्याकडे बघत म्हणाली, "सांगा भाऊ." मग मी सगळं सांगितलं, हुकूम माझा, तिने सांगूनही ऐकलं नाही तेही. शेठजी लालबुंद झाले. "बांधा गाठोडं!"

पार्बताबाईने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "आज तरी गोड बोला, शेठजी. चुकला तो, पन बोलला. याले काढान तं नवा येईन, आन तो पुन्हा पहिल्यापासून चुकन." शेठजींना हसू आलं आणि माझी नोकरी वाचली. महिन्याभराने थोरली लेक जन्मली ती अकोल्यात, माझ्या हक्काच्या पगारावर. त्या बाईचे उपकार मी कुठे फेडू?

त्यानंतर तिने 'चालते' म्हटल्याशिवाय मी एकही सही केली नाही.

पावसाळ्यात विलायतेच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. इतका कोरडा माल क्वचितच येतो, सही करणाऱ्या गृहस्थांचे आभार मानतो. मी बायांना जमवून वाचून दाखवलं, पण माझ्या नावाच्या जागी पार्बताबाईचं नाव घेतलं. ती फटकन म्हणाली, "खोटं! त्या सायबाले माहं नाव कोनं सांगतलं?"

पकडला गेलो. "नाही सांगितलं अजून. आता सांगतो," मी म्हणालो. पुढच्या हंगामापासून प्रत्येक कागदावर माझ्या सहीच्या वर इंग्रजीत लिहू लागलो: पारख, पार्बताबाई. "कोनतं माहं?" तिने विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्यावरून स्वतःचं बोट फिरवून ती म्हणाली, "राहू द्या मंग."

त्याच हंगामाच्या शेवटी, वैशाखात, तापाने ती चार दिवसांत गेली. अमेरिकेतली लढाई थांबली होती. भाव कोसळले, अकोल्यातल्या वखारींना कुलपं लागू लागली. आमचेही दिवस भरले असं धरून चाललो होतो, तोच पुन्हा विलायतेचं पत्र आलं. व्यापाऱ्याने लिहिलं होतं: आता हिंदुस्थानी मालाची फारशी गरज उरली नाही, मात्र पार्बताबाईंच्या पारखेचा असेल तेवढा पाठवावा.

नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, पण नाव तिचंच होतं. मी बायांना बोलावून पत्र वाचलं, जसंच्या तसं. मग तिच्या हाताखाली पहिल्यापासून वेचायला बसणारी गंगूबाई डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा वाचा भाऊ. तिचं नाव आलं ना, तेवढंच वाचा."

मी तेवढंच वाचलं.