झोल्यात भरलेलं तणीस

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, त्याच्या पुढचा पौष. घरात खाट एकच, तिच्यावर घरधनी तापानं फणफणलेले. म्हणून खळ्यावर धान राखायला मी जाऊ लागले. जमीन ओली, वर विंचवांचा सुळसुळाट. मोहाच्या दोन झाडांना तरटाचा झोला बांधला आणि त्यातच निजायची. आमच्या वाट्याची रास समोर होती. वर्षभराचं पोट ते. ती घरी आणायला गाडी हवी, आणि गाडी होती धाकट्या दिराची. वाटण्या झाल्या होत्या, बोलणं तेवढं गोड राहिलं होतं. रोज म्हणायचा, "उद्या नेऊ वैनी." त्या उद्याचा मला पहिल्यापासूनच वास येत होता.

सांज झाली की मी राशीवर राखेचे ठसे उमटवायची. कोणी मूठभर उपसलं तरी ठसा मोडतो आणि सकाळी कळतं.

पण झोल्यात थंडी खालून चावते. वरून कितीही पांघरा, पाठीखाली वारा शिरतोच. एका संध्याकाळी दीर तणसाचा, धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, भारा घेऊन आला.

"हे झोल्यात भर वैनी, पाठ गरम राहील. काऊन कुडकुडून राहिली?"

म्हटलं, अगं बाई, एवढी माया आज कुठून उगवली? ऊब मिळाली की डोळा लागतो, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तणीस ठेवून घेतलं. तो गेल्यावर झोल्यात गच्च भरलं, वर माझी गोधडी घातली आणि मी राशीमागे जाऊन बसले. दात वाजत होते, पण संतापानं झोप काही आली नाही.

पहाटेच्या चांदण्यात तो आला. काखेत टोपलं. झोल्यापाशी थांबला, अंगावरचं घोंगडं काढून त्या गोधडीवर घातलं, कडा नीट खोचल्या. निजलेल्या लेकराला पांघरावं तसं. माझा जीव गलबलला. नाही नाही ते मनात आणलं म्हणून लाज वाटली. उठून हाक मारणार, तोच तो राशीकडे वळला, कनवटीची राखेची पुडी काढून बाजूला ठेवली आणि टोपलं भरू लागला. तेवढ्याच हळुवार हातानं.

"भरलं का, भाऊजी?" मी विचारलं.

टोपलं त्याच्या हातून सुटलं. तो झोल्याकडेच बघत राहिला.

"तुले थंडी लागंल म्हणून..." एवढंच म्हणाला. ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

उजाडल्यावर त्यानं मुकाट गाडी जुंपली. घोंगडं मी परत दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही.