झाकून आणलेलं इंजेक्शन

बाजारातले लोक त्यांना शून्यसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस. दुकानात शिरले की दुकानदार खुर्ची पुढे करायचा, "बसा साहेब, चहा सांगतो." हे म्हणायचे, "चहा राहू दे. काटा रिकामा कर आणि आधी शून्य दाखव." काट्यावर काहीही नसताना आकडा शून्यावर येतो की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय या गृहस्थांनी आयुष्यात एकही वजन खरं मानलं नाही.

आणि माणसं तरी किती बनेल असतात! कुणी काट्याखाली चुंबक लावलेला, कुणी मापाच्या तळाला मेण चिकटवलेलं, कुणी तर पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढणारा. साहेबांनी सगळे पकडले. त्यांचा एक ठोकताळा होता. जो आकडा गिऱ्हाइकापासून झाकून ठेवतो, त्याच्या पोटात पाप असतं. त्याला आधी धरायचं, कारण मागाहून शोधायचं.

साहेब निवृत्त झाले, खोड निवृत्त झाली नाही. दूधवाला यांना बघून फाटकातूनच माप उंच धरून दाखवायचा. नवा थर्मामीटर आणला की आधी घरातल्या धडधाकट माणसांना ताप नाही ना, हे त्यावर बघून घ्यायचं. बायको पाहुण्यांना सांगायची, "लग्नाच्या दिवशी हे माझ्याकडे कमी आणि फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात खरंच फिल्म आहे का, याकडे जास्त बघत होते." पाहुणे हसायचे. साहेब म्हणायचे, "आणि नव्हतीच! पहिल्या अर्ध्या तासाचे फोटो आहेत का आपल्याकडे?"

तीन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मूत्राशयाच्या खाली पुरुषांना ही ग्रंथी असते, ती ऑपरेशन करून पूर्ण काढून टाकली. त्यानंतर दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं आणि त्यातला पीएसए नावाचा आकडा बघायचा. डॉक्टर म्हणाले होते, "ग्रंथीच राहिलेली नाही, तेव्हा आकडा शून्यालाच टेकलेला असायला हवा." साहेबांना हा डॉक्टर तिथंच पटला. असं बोलणारा माणूस त्यांना आख्ख्या नोकरीत भेटला नव्हता.

दोन वर्षं आकडा तळाला राहिला. मग तो हलला. पॉइंट दोन. पॉइंट चार. पॉइंट आठ. साहेबांनी अर्थातच तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिन्हींचा आकडा जुळला. तीन काटे एकच वजन दाखवतायत याचं वाईट वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

डॉक्टरांनी त्यांना आणि बायकोला समोर बसवून नीट सांगितलं. "कुठंतरी थोड्या पेशी राहिल्यात. कुठं, ते शोधायचंय. एकाच जागी असतील तर त्या जागेवर रेडिएशन देऊन विषय संपवता येईल. पसरल्या असतील तर मार्ग वेगळा, मग आयुष्यभर औषधं. त्यासाठी एक स्कॅन आहे. शिरेतून एक औषध सोडतो. ते बरोब्बर त्या पेशींना जाऊन चिकटतं, आणि त्याच्या अंगावर किरणोत्सर्गी द्रव्याचा कण असतो. जिथं चिकटेल तिथं फोटोत चमकतं."

"म्हणजे आत खबरी सोडायचा," साहेब म्हणाले.

"अगदी बरोबर."

"आणि खबरीच फितूर निघाला तर?"

डॉक्टर हसले. बायकोनं टेबलाखालून साहेबांच्या पायावर पाय दिला.

स्कॅनच्या दिवशी लेक सोबत आली होती, पण तिला बाहेरच थांबवलं. आतली खोली लहान, बिनखिडकीची. एक कलती खुर्ची, दारावर पिवळी तीन पाकळ्यांची खूण, आणि काचेपलीकडे शिशाच्या विटांच्या आड औषध मोजायचं यंत्र. साहेबांची नजर तिथं खिळली. काम करणाऱ्या टेक्निशियन बाई पन्नाशीच्या, चटपटीत, जास्त न बोलणाऱ्या. त्यांनी साहेबांच्या कोपराच्या खोबणीत बारीक नळी घातली, पट्टी लावली आणि पलीकडे गेल्या.

"बाई," साहेबांनी खुर्चीतूनच आवाज दिला, "मघाशी यंत्रावर एकशे त्रेसष्ट होतं. आता एकशे साठ झालं. तुमचं औषध गळतंय."

"गळत नाही काका, विझतंय. तासाभरात जवळजवळ निम्मं होतं. म्हणून तर इथं सगळ्यांची पळापळ असते."

"निम्मं? जागच्या जागी? कुणी हात न लावता?"

"कुणी हात न लावता."

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. बसल्या जागी घटणारा माल त्यांनी पुष्कळ बघितला होता, आणि दर वेळी कुणीतरी हात लावलेलाच असायचा. तेवढ्यात बाई आल्या. हातात जाडजूड धातूचं आवरण, सिरिंज त्याच्या पोटात. सिरिंजवरची चिठ्ठी दिसेना, आकडा दिसेना, औषध तर मुळीच दिसेना.

"हे झाकून का आणलंत?"

"मी दिवसभर हेच काम करते. माझ्या हातांना किरण लागू नयेत म्हणून." उत्तर सरळ होतं. "डब्यावरचं तुमचं नाव दाखवलं ना मी मघाशी? आता हात सैल सोडा. हलू नका."

डब्यावरचं नाव! डब्यावर काय, काहीही लिहिता येतं. आता इतर कुणी असतं तर गप्प डोळे मिटून बसलं असतं. पण हे शून्यसाहेब. बाईंनी दट्ट्या दाबायला घेतला आणि त्याच क्षणी हे आवरणाच्या फटीतून चिठ्ठी वाचायला म्हणून पुढे वाकले. कोपर वळलं. हातात चर्रकन आग झाली.

"हललात का?" बाई थांबल्या. "दुखतंय का?"

आता 'हो' म्हणायचं म्हणजे बाईंचं खरं करायचं. कान पकडून सांगितलेलं असताना, या वयात, शाळेतल्या पोरासारखं. "नाही," साहेब म्हणाले. "काही नाही झालं." बाईंनी मागोमाग सलाइन सोडलं, तेव्हा कातडीखाली टेंगूळ वर येताना त्यांना स्पष्ट जाणवलं. नळी निघाली, कापूस लागला, आणि बाई भराभर लांब झाल्या, औषध घेतलेल्या माणसापासून दूर राहायची त्यांची रीतच होती. साहेबांनी शर्टाची बाही आपल्या हातानं मनगटापर्यंत खाली ओढली. तासाभरानं दोन्ही हात डोक्यावर घेऊन ते यंत्रात झोपले.

दोन दिवसांनी लेकीनं फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला. कुठंही काहीही चमकत नव्हतं. डॉक्टरांनी लगेच हुरळून जायचं नाही असं बजावलं होतं. आकडा लहान असला की कधीकधी काही दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू, असं त्यांचं म्हणणं. पण ते ऐकायला घरात कुणाला कान होते? बायको फोन हातात धरूनच रडली. लेक संध्याकाळी मिठाई घेऊन आली. आणि गेले चार महिने दुपारी पाच मिनिटं डोळा न लागलेली बायको दुसऱ्या दिवशी जेवून जी आडवी झाली, ती दिवे लावायच्या वेळेपर्यंत उठली नाही.

साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले होते. बाही वर करून त्यांनी कोपर बघितलं. निळंजांभळं झालं होतं, अजून दुखत होतं. पॉइंट आठचा आकडा तीन लॅबनी दाखवला, म्हणजे माल आहे. खबरी म्हणतो, माल नाही. दोघांतला एक खोटा. हॉस्पिटलवर संशय घ्यायची त्यांची केवढी तयारी होती! पण फिरून फिरून बोट एकाच माणसाकडे वळत होतं. औषध आत गेलंच नसेल तर? हातातच अडकलं असेल तर? अडकवलं कुणी? यांनीच. आणि विचारलं तेव्हा खोटं बोललं कोण? हेच.

गप्प बसणं सोपं होतं. तीन महिने घर सुखात राहिलं असतं. त्यांनी घोरणाऱ्या बायकोकडे बघितलं आणि त्यांना स्वतःची चीड आली.

चौथ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, तो रिपोर्ट मला बरोबर वाटत नाही."

बायकोनं गॅस बंद केला. "वाटलंच होतं मला. चार दिवस कसे काढलेत याचंच नवल! तुम्हाला ना, सुख दिसलं की टोचतं. डॉक्टर खोटे, लॅब खोटी, यंत्र खोटं, आख्खं जग खोटं आणि तुम्ही एकटे खरे!"

"तसं नाही गं."

"मग कसं? कुणावर संशय आहे या खेपेला?"

"माझ्यावर." साहेबांनी बाही वर केली. "त्या बाईंनी हलू नका म्हणून सांगितलं होतं. मी हललो. दुखतंय का विचारलं, मी नाही म्हणालो. मी खोटं बोललो."

बायको त्या हाताकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'मी खोटं बोललो' हे तिनं ऐकलं नव्हतं, त्यामुळे ओरडायचंही ती विसरली. पदराला हात पुसत ती एवढंच म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता चला."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर स्कॅन उघडला. काळ्या पडद्यावर करडा माणूस, दोन्ही मूत्रपिंडं चमकणारी, पण ती औषध बाहेर टाकतात म्हणून सगळ्यांचीच चमकतात. डॉक्टरांनी फोटो वर सरकवला, अगदी कडेपर्यंत. हात डोक्यावर असल्यामुळे कोपर चौकटीबाहेर गेलं होतं. पण कडेवर, फोटो जिथं कापला होता तिथं, पांढऱ्याशुभ्र डागाची एक कोर होती.

डॉक्टरांनी त्या कोरेवर बोट ठेवलं. "हे आमच्या नजरेतून सुटायला नको होतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्याच वेळी सांगायला हवं होतं."

"हो," साहेब म्हणाले.

"किती औषध हातात राहिलं ते आता सांगता येणार नाही. स्कॅन पुन्हा करू. पण एक लक्षात घ्या, दुसऱ्यांदाही काही दिसणार नाही, असंही होऊ शकतं."

"तसंच होईल," बायको म्हणाली. पुढचे तीन आठवडे साहेबांनी दूधवाल्याच्या मापाकडेही बघितलं नाही. आपण चुकलेले असू दे, एवढं एकच त्यांच्या मनात चालू होतं. पॉइंट आठ चुकीचं, तिन्ही लॅब चुकीच्या, मी चुकीचा, काय वाटेल ते चालेल. त्यांना हे कुणापाशी बोलता येत नव्हतं, कारण ऐकणाऱ्यानं हसूनच घेतलं असतं.

दुसऱ्या वेळी त्याच बाई होत्या. साहेबांनी आधी त्यांची माफी मागितली. बाई म्हणाल्या, "काका, आता बोलू नका, नुसते बसा." ते बसले. हूं नाही की चूं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. ओटीपोटात डाव्या बाजूला, एका लहानशा लसिकाग्रंथीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चमकत होतं. कुणी बोट दाखवायची गरज नव्हती.

"एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळीकडे स्वच्छ. एकाच जागी आहे म्हणजे रेडिएशननं गाठता येईल. खरं सांगतो, पहिल्या रिपोर्टवर आपण थांबलो असतो तर कदाचित हा एकटा राहिला नसता. तुमचा संशय बरोबर होता."

तेहेतीस वर्षं हे वाक्य ऐकलं की साहेबांची छाती दोन बोटं फुगायची. आज ते पाठ वाकवून बसून राहिले. शेजारी बायकोनं त्यांचा हात धरला, नेमका कोपराजवळ, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांना पुढे झुकावं लागलं.

"एकदा तरी चुकायचं होतंत हो तुम्ही."

"खूप प्रयत्न केला गं," साहेब म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.