मामांचं तोंड

"दाजीमामा गेले. झोपेतच," मासळीबाजारात कुणीतरी सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "शिवी न घालता?" सांगणारा आधी हसला, मग आम्ही दोघंही रडलो. महिना होत आला, तरी मला तेच आठवतं... कारण आमच्या मामांची ओळख म्हणजे त्यांचं तोंड. होडीवर हुकूम चालवणारे तांडेल, वारा पडला तरी शिवी, सुरमई मिळाली तरी शिवी. भाच्याविषयी माया दाटून आली तर दोन.

काही वर्षांपूर्वी होडी किनाऱ्यावर ओढताना ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या इस्पितळात पायाला वजन टांगून त्यांना उताणं निजवलं. घाटावरून आलेले डॉक्टर मामीला म्हणाले, "यांचं तोंड स्वच्छ ठेवा. तोंडातली घाण छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तसेच गेले." मामीचा चेहरा पांढराफटक पडला. मामांच्या तोंडातली घाण म्हणजे काय, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. मी शाळामास्तर, पण मलाही त्याचा दुसरा अर्थ सुचला नाही.

"अवो, गाळी बंद करा," ती हात जोडून म्हणाली. "डॉक्टर सांगतत, त्येनाच माणूस मरता. माझ्यासाठी तरी..."

मामांनी खरोखरच तोंड मिटलं. वादळाला न भ्यायलेला माणूस शेजारची रिकामी खाट बघून भ्यायला. बोलणं नाही, चूळ नाही, पेज तेवढी कशीबशी घशाखाली. ओठ सुकले, जवळ गेलं की वास येई, आणि हळूहळू छाती घरघरायला लागली. मामी देवाला नारळ बोलली. मला तर ती शांतताच सोसेना.

शेवटी नर्सबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. "आजोबा, आ करा." मामांनी ओठ आवळून मान हलवली. बाईंनी चमचा पुढे केला, तो सुकलेल्या ओठाला लागला, आणि इतक्या दिवसांची साठलेली शिवी अशी सुटली की सगळा वॉर्ड उठून बसला.

"गेले गो माजे!" मामीने हंबरडा फोडला.

प्रकार कळल्यावर नर्सबाई हसून हसून खाटेवरच बसल्या. "अगो मामी, गाळी न्हय गो! दात, जीभ! निजान ऱ्हवलेल्या माणसाची लाळ छातयेत जाता, ती घाण."

त्या दिवसापासून मामी घरून आंब्याची पानं न्यायची. दुमडलेल्या पानाने दात, बोटाने जीभ, मग मिठाच्या कोमट पाण्याची चूळ. सकाळी आणि प्रत्येक जेवणानंतर. डोक्याखाली आणखी एक उशी. मामा शिव्या घालत आणि ती घासत राही. घरघर थांबली. काठी टेकत का होईना, मामा घरी आले. "आता तोंड साफ आसा, माका कोण आडवतलो?" म्हणत ते पुढे मरेपर्यंत मनसोक्त बोलले.

परवा भेटायला गेलो तेव्हा मामी विहिरीजवळच्या आंब्याची पानं तोडत होती. सवयीने दोन तोडली. एकाने स्वतःचे दात घासले, दुसरं हातात धरून तशीच उभी राहिली. मग उभ्या जन्मात 'मेल्या'च्या पलीकडे न गेलेल्या त्या बाईने मामांची ती इस्पितळातली शिवी, इथे छापता येणार नाही अशी, समुद्राकडे तोंड करून खणखणीत घातली. आणि चूळ भरली.