फेट्याला टोकच नव्हतं

सकाळचे अकरा. बदनापूरच्या एका शाळेचं सभागृह. साल नव्वदीतलं. ब्रह्मदेशाहून आलेल्या बायका त्यांच्याकडचा सणासमारंभाचा पेहराव दाखवणार होत्या आणि मी बातमीला गेल्तो. तिथं मी काय दिवे लावले, ते सांगतो. चहा निवला तरी चालेल, पण मध्येच हसायचं नाही!

सरपंचाला फेटा. सभापतीला फेटा. अहो, मंडपवाल्यालाही फेटा! आणि वीस वर्षं लेखणी झिजवणाऱ्या पत्रकाराला? गुलाबाचं फूल!

ठरवलंच, आज फेट्याशिवाय हलायचं नाही. तरातरा रंगमंचामागं गेलो. टेबलावर गुलाबी रेशीम, लाटांची नक्षी, नीट घडी घातलेलं. म्हणजे माझा फेटा इथं दडवला होता तर! फेटे बांधणाऱ्या दगडूमामांपुढं डोकं धरलं.

"साहेब, ह्याला टोकच न्हाई. गोल शिवेल हाय."

"मंग गोल बांधा! जल्दी!"

"अन् हा काळा पट्टा?"

"कपाळावर येऊ द्या. रुबाब दिसतो."

पहिल्या रांगेत ताठ बसलो. बारा वाजले तरी पडदा उघडेना. मी गरजलो, "ह्या उशिराला जबाबदार कोण?"

पडद्याआडून मुख्याध्यापिका कमलबाईंचा रडवेला आवाज आला. "साहेब, खिन नावाच्या पोरीचं वस्त्र चोरीला गेलंय हो! तिच्या आजीनं लग्नात नेसलेलं. तेवढं एकच आणलं होतं."

पाहुण्या लेकीच्या वस्त्राची चोरी? आमच्या तालुक्यात? शाळेच्या फोनवरून आधी आमच्या सांजदैनिकाला बातमी दिली. मग वही काढून आत घुसलो.

"बेटी, बिलकुल घाबरू नको. कैसा था?"

पोरगी माझ्याकडं बघतच मोडक्या हिंदीत म्हणाली, "गुलाबी... लहरें... ऊपर काली पट्टी."

मी शब्दन् शब्द टिपला. मान वर केली, तर सगळे माझ्या भुवयांच्या वर बघत होते.

"साहेब," दगडूमामा हळूच म्हणाले, "जरा आरशात बघता का?"

ते थमेइन होतं. बायकांचं कमरेला गुंडाळून कडेला खोचायचं वस्त्र, काळा पट्टा कमरेचा! त्यांच्यातली म्हातारी तर डोळे झाकून बसली. कमलबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडं मानतात, हे पुरुषाच्या डोक्यावर गेलं की त्याचं तेज जातं."

"मंग काई फिकीर न्हाई," मामा म्हणाले. "साहेबाचं हाय कुठं जायला?"

पोरगी तेच नेसून मंचावर आली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, बोडक्या डोक्यानं.

पण संध्याकाळी अंक आलाच: 'पाहुण्यांच्या वस्त्राची चोरी, चोर मोकाट.'

तो चोर कोण, याचा खुलासा त्या दैनिकानं आजतागायत छापलेला नाही. लिहून द्यायचं काम माझ्याकडंच आहे.