शेवटच्या नळाची ओंजळ

नागावात आमच्या आळीला पाणी सोडणारा माणूस सायकलवर यायचा. दांडीला व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी बांधलेली. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. व्हॉल्व्ह उघडला की तो घड्याळाकडे बघायचाच नाही. थेट आळीच्या टोकाच्या घरी जायचा, तिथल्या नळाखाली ओंजळ धरायचा आणि पोटभर पाणी प्यायचा. टोकाला ओंजळ भरली, म्हणजे सगळ्यांना पाणी पोचलं.

एकदा मे महिन्यात आमचा होमस्टे पाहुण्यांनी भरला आणि टाकी रिकामी झाली. मी गुपचूप पाणी खेचायला नळालाच मोटार लावली. दहा मिनिटांत फाटकापाशी सायकलची घंटी वाजली.

"वैनी, मोटार बंद करा," तो हसत म्हणाला. "माझी तहान भागली न्हाय अजून."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर समान पाणीवाटपाचं सरकारी धोरण मोठ्या अक्षरांत रंगवलंय. ते मी येता-जाता वाचायचे, पण कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र कान गरम झाले. मी जाऊन बटण बंद केलं.

थोड्या वेळानं तो टोकाच्या घरून आमच्या दारावरूनच परत निघाला. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"भागली हो, वैनी!" तो ओरडला.